हातावरचं दही

आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाऊजींइतका युद्धासाठी तयार माणूस अख्ख्या जयपुरात नसेल, आणि युद्धाने इतका विसरलेलाही नसेल. मूळचे साताऱ्याचे, नोकरी बँकेत, पण टेरिटोरियल आर्मीत. म्हणजे एरवी चेक पास करायचे आणि बोलावणं आलं की वर्दी चढवायची. दरवर्षी ट्रेनिंगचं बोलावणं येतं. लढाईचं कधी आलं नाही. तरी पलंगाखाली ट्रंक भरलेली. भाचीच्या लग्नाला निघताना घाईत तीच ट्रंक गाडीत चढली, आणि मामांनी अक्षता टाकल्या त्या लष्करी बूट घालून.

ही सगळी हौस ते रविवारी आमेरच्या डोंगरात भागवतात. पूर्वी फौजा ज्या वाटेने दारूगोळा किल्ल्यावर नेत, त्या वाटेवर ते तरुण मंडळींना ट्रेकला नेतात. चढताना मराठ्यांनी घातलेल्या वेढ्याची गोष्ट सांगतात आणि सांगता सांगता दोन्ही बाजूंनी लढतात. वरून तोफा डागताना ते पक्के जयपुरी. खाली मराठ्यांची घोडी दिसली की आवाज एकदम मऊ होतो. "अंकलजी, मतलब आप किसकी तरफ हो?" एका मुलीने विचारलंच. भाऊजी दम खात म्हणाले, "बेटा, नौकरी इधर की, वर्दी इधर की. दिल का मत पूछ."

निघण्याआधी वैशाली नगरातल्या आमच्या फाटकापाशी प्रत्येकाच्या तळहातावर चमचाभर दही पडतं. ही रीत त्यांच्या पत्नीची, म्हणजे आमच्या ताईंची. भाऊजी कॅम्पला निघाले की त्या हातावर दही घालायच्या आणि बजावायच्या, "वेळेवर परत या." पुढे ट्रेकची मुलंही त्यांच्यासमोर हात पसरू लागली. "आंटी, चीनी नहीं है?" असं विचारणाऱ्याकडे त्या डोळे वटारून बघायच्या.

ताई गेल्या त्याला दोन उन्हाळे झाले. तेव्हापासून दह्याचा डबा भाऊजींच्या हाती आला. ते सगळ्यांना दही देतात, स्वतः मात्र तसेच निघतात. मला ते फार खुपायचं. गेल्या रविवारी मी सरळ चमचा काढून घेतला आणि म्हटलं, "भाऊजी, हात पुढे करा."

त्यांनी हात पाठीमागे लपवला. "राहू द्या, वहिनी. दही परत येणाऱ्याच्या हातावर घालतात. मी परत यायचं कुणाकडे?"

ताई असत्या तर ओरडल्या असत्या, म्हणून मीही ओरडले, "आमच्याकडे! पोहे करून ठेवते. उशीर केलात तर गार खावे लागतील."

भाऊजींनी सावकाश हात पुढे केला. दही खाऊन ते वळले आणि "चलो!" म्हणून गरजले.

त्या दिवशी ते वेळेआधी परत आले. पोहे खाल्ले, छान झालेत म्हणाले. मग बशी खाली ठेवून आपल्या तळहाताकडे बघत बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "दही ती जरा जास्त घालायची."