तांबडीचं बसणं

ओल्या पिसांना एक वास असतो, कोंडा, माती आणि अंगाची ऊब यांचा मिसळलेला. बंगालातल्या बजबज गावी, आमच्या परसात, चैत्रातल्या दुपारी, तांबडी कोंबडीला मी बादलीतून बाहेर काढायचो, तेव्हा तो वास माझ्या तळव्यांना चिकटून राहायचा आणि साबणानेही जायचा नाही.

कोंबडी खुडूक झाली की अंडी घालणं थांबवते, खुराड्यात ठाण मांडते आणि जवळ गेलं की फुगून गुरगुरते; तिला उबवायला बसायचं असतं. मला मात्र अंडी हवी असायची. पिल्लं काढायला मी विजेवरची पेटी आणली होती, आणि रोज दोनदा गार पाण्यात पोटापर्यंत बुडवलं की कोंबडीची ऊब उतरते, चार-पाच दिवसांत ती ताळ्यावर येते, हा उपाय कुणाकडून तरी ऐकून त्यात चांगला तरबेजही झालो होतो. माझी बायको सुमन पायरीवरून पाहायची आणि दर वेळी एवढंच म्हणायची, "अहो, बसू द्या ना तिला." मी हसून सांगायचो, की यंत्र असताना त्या बिचारीने एकवीस दिवस अर्धपोटी का कुढत बसावं? केवढा शहाणा होतो मी!

हा वंश खरा सुमनचा. ती शाळेतून निवृत्त झाली त्या दिवशी शेजारच्या मासीमांनी टोपलीत घालून एक लालभडक कोंबडा आणि दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, दिल्या होत्या. त्यांच्याच पिल्लांतून निवडत निवडत तिने सगळा कळप वाढवला. कोंबडा मात्र तो एकच ठेवला, बाकीचे वाटून टाकले. गेल्या वैशाखात मुंगसाने त्याला मारलं, तेव्हा पेटीत त्याची शेवटची बारा अंडी होती. टॉर्चच्या उजेडात आतल्या कोवळ्या रक्तवाहिन्या दिसायच्या, मधूनच काहीतरी हलायचं, आणि सुमन श्वास रोखून बघत बसायची.

सतराव्या दिवशी संध्याकाळी कालबैशाखीचं वादळ आलं. नदीकडून धुळीचा आणि ओल्या तागाचा वास आला, पाठोपाठ वारा, आणि वीज गेली ती दुसऱ्या दिवशीही आली नाही. पेटीभोवती शाली गुंडाळून झाल्या, आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून झाल्या. शेवटी मला तांबडी आठवली. त्याच आठवड्यात मी तिला पाण्यात बुडवून ताळ्यावर आणलं होतं. तरी तिला उचलून अंड्यांवर ठेवलं; ती उठली, अंग झाडलं आणि अंगणातल्या चिखलात किडे टिपू लागली. तीनदा ठेवलं, तीनदा ती उठून गेली. मी चिडून काहीबाही बोललो.

"तिच्यावर कशाला चिडता?" सुमन म्हणाली. "तिला बसायचं होतं तेव्हा तुम्ही बादली आणलीत."

ती तांबडीबद्दलच बोलत होती, तरी मी ओशाळलो. आमची मुक्ता तीन महिन्यांची होती तेव्हा सुमनला वर्षभर घरी राहायचं होतं. मला माझ्या पुढारलेपणाचा भारी अभिमान. बालीगंजची एवढी चांगली शाळा, आया मिळते आहे, एकदा सुटलेली नोकरी पुन्हा कोण देतं, असं रोज थोडं थोडं समजावून मी तिला उठवलं. ती लोकलने जायला लागली. वर्गात दूध दाटून पदर भिजतो, हे तिने मला हसत सांगितलं आणि मीही ते हसून ऐकलं. मुक्ताचा पहिला शब्द आयाच्या कडेवर, बंगालीत उमटला. तेव्हा आम्ही दोघंही घरी नव्हतो.

बारापैकी एकही अंडं फुटलं नाही. सुमनने ती कदंबाखाली पुरली.

कोंबडा गेल्यापासून आमच्या अंड्यांतून पिल्लं निघणार नव्हती, तरी या चैत्रात तांबडी पुन्हा खुडूक झाली. नुसत्या पेंढ्यावर, खाली काही नसताना, डोळे अर्धे मिटून बसली. मी बादली आणली नाही. शेजारी पायरीवर सुमन तांदूळ निवडत होती. इतक्या वर्षांनी बोलून काय उपयोग, हे कळत असूनही मी म्हटलं, "तेव्हा तुला बसू द्यायला हवं होतं."

तिने एक खडा वेचून अंगणात टाकला. मग म्हणाली, "हो."

सूप बाजूला ठेवून तिने तांबडीपुढे पाण्याची वाटी सरकवली, खुंटीवरची टोपली काढली आणि उबवायला अंडी मागायला मासीमांच्या दाराकडे निघाली.