सहीच्या वरची ओळ

"लाल खुणेवाल्यांनी उभं राहायचं."

परचेसचे मोठे साहेब असं म्हणाले आणि मी उभी राहिले.

वाळूजच्या त्या कंपनीत दर तीन महिन्यांनी आम्हा सप्लायरांची बैठक व्हायची. कुणाचा माल वेळेवर आला, कुणाचा परत गेला, सगळं पडद्यावर. चांगल्याला हिरवी खूण, वाईटाला लाल. त्या दिवशी लाल दोनच. एक माझी, एक पाटलांची. पाटलांच्या घरची मोठी बागायत. ते उठायला लागले तसे साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही बसा पाटील. तुम्ही लक्ष घालाल, मला माहितीय."

मग उभी मी एकटीच.

चितेगावला माझं छोटं शेड. लोखंड कापायच्या, भोकं पाडायच्या तीन प्रेस मशिनी. बारा वर्षं दुसऱ्याच्या प्रेसवर राबले, मग हे उभं केलं. कंपनीला आम्ही दोन भोकांची एक लोखंडी पट्टी करून द्यायचो. त्या खेपेला सगळा लॉट परत आला. भोकांमधलं अंतर चुकलं म्हणून.

"शेड कोट्यातून मिळतं बाई," साहेब म्हणाले. "क्वालिटी कोट्यातून मिळत नाही. ती रक्तात असावी लागते."

काही जण हसले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. चहा आला, माझ्यापुढून गेला. मला राग आला नाय. रडू आलं नाय.

"मशीनवर ऑपरेटर कोण होता?" साहेबांनी विचारलं.

"सुमन," मी म्हणाले.

बैठकीत काय झालं ते लिहिलेला कागद सहीसाठी फिरत आला. मी सही केली. वाचलं नाय.

संध्याकाळी मुकुंदवाडीला घरी आले. नवऱ्यानं विचारलं, "कशी झाली मीटिंग?"

"झाली," म्हणाले, आणि मेथी निवडायला बसले.

आठ दिवसांनी त्या कागदाची प्रत आली. शेडच्या भिंतीवर लावायची, असा कंपनीचा नियम. मी लावली. तेव्हाबी वाचली नाय. वाचली ती सुमननं. सुमन माझ्याकडं पहिल्या दिवसापासून. आमच्याच वस्तीतली. तिनं मशीन बंद केली, हात पुसले आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"ताई, तिथं लिवलंय, सुमनच्या निष्काळजीपणामुळं माल खराब झाला. खाली तुमची सही हाय. माझी चूक काय व्हती?"

मी फायलीतून पट्टीच्या मापाचं ड्रॉईंग काढलं. त्याच्यावर कंपनीचाच शिक्का. परत आलेल्या ढिगातली पट्टी उचलली, मोजली. ड्रॉईंगबरहुकूम, तंतोतंत. मी कंपनीत फोन लावला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "अहो, ते ड्रॉईंग बदललंय ना. तुम्हाला पाठवायचं राहिलं वाटतं."

एवढं सहज.

सुमन सगळं ऐकत होती. ती परत मशीनवर गेली. साहेब त्या हॉलात माझ्यावर थुंकल्यासारखं बोलले, ते मी पुसलंसुद्धा नव्हतं. उलट तीच थुंकी सुमनच्या अंगावर ढकलून, खाली सही करून आले होते. उभं केल्याची नाय वाटली, ती लाज मला त्या दिवशी वाटली.

पुढची बैठक आली. परत गेलेल्या लॉटपायी माझी खूण अजून लालच. तोच हॉल, तेच वाक्य. "लाल खुणेवाल्यांनी उभं राहायचं."

मी उठले नाय.

"ऐकू येत नाही का बाई?"

"येतं. बसून बोलते. जुनं ड्रॉईंग आणि नवं ड्रॉईंग, दोन्ही पडद्यावर लावा. नवं मला कोणत्या तारखेला दिलं, तेवढं सांगा."

आवाज चढला नव्हता माझा. कुणी हसलं नाय.

"ही वाद घालायची जागा नाही."

"मग कशाची हाय? आमचं काम तपासायला बोलावता ना? तपासा की."

साहेबांनी पुढचं नाव घेतलं. पाटील माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "जाऊ द्या ताई. काम जाईल." ते खोटं बोलत नव्हते.

शेवटी कागद आला. ह्या वेळी मी वाचला. 'मागील चूक सप्लायरला मान्य.' ती ओळ मी खोडली. वर लिहिलं, 'मान्य नाही. बदललेलं ड्रॉईंग आम्हाला मिळालं नव्हतं. सुमनची चूक नाही.' मग सही केली.

महिन्याभरात पट्टीचं काम दुसऱ्याला गेलं. तीनपैकी दोन मशिनी बंद पडल्या. भिंतीवरचा कागद मी फाडला तेव्हा सुमननं एकदा बघितलं, बास. तिनं आभार मानले नायत. मानायचं कारणबी नव्हतं.

एक छोटं काम अजून आमच्याकडं हाय, म्हणून बैठकीचं बोलावणं येतंच. मी जाणार. माल खरंच खराब निघाला तर माझ्या तोंडानं सांगेन. पण तपासल्याबिगर एक ओळ मान्य करणार नाय. माझ्या माणसाचं नाव त्या हॉलात कुणाच्या हाती देणार नाय. उरलेलं काम न्यायचं असलं तर न्या.