तळ वर आणलेली विहीर

"सापडला का पॉइंट?" हरेश्वरकाकांनी पुन्हा विचारलं.

मी विहिरीच्या काठावर बसून आत वायर सोडत होते. पॉइंट म्हणजे बोअर मारायची जागा. बोअरची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती आणि वायरच्या टोकाचं मीटर मला सांगत होतं की इथे बोअर मारायचाच नाही. हे काकांना कसं सांगायचं, ते मात्र मीटर सांगत नव्हतं.

मी भूजलाचं काम करते. जमिनीखाली पाणी कुठे आहे आणि कसं आहे, ते शोधायचं. ऑफिस छोटं आहे: सर, मी आणि एक जुनी जीप. मी राहते विरारला चंदनसारमध्ये, टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत. वसईच्या किनाऱ्याकडच्या वाड्या मी या नोकरीमुळेच पाहिल्या.

काकांची वाडी सोनचाफ्याची. फुलं दादरच्या बाजारात जातात. पण दोन उन्हाळे पानांच्या कडा करपत होत्या आणि कळ्या उमलायच्या आत गळत होत्या. औषधं मारून झाली, खतं बदलून झाली. मुलाने सांगितलं होतं, यंदा नवं पाणी लागलं नाही तर वाडी देऊन टाकू. हे काका बोलले नाहीत. चहाचा कप हातात देताना काकी हळूच सांगून गेल्या.

विहिरीत पाणी भरपूर होतं, आणि काकांना त्याचा अभिमान होता. पूर्वी उन्हाळ्यात पाणी कमी पडायचं, म्हणून त्यांनी जुना तळ फोडून विहीर आणखी खोल केली होती. सुरुंग लावले. पाणी उसळून वर आलं तेव्हा आळीत पेढे वाटले. चाफा त्यानंतर करपायला लागला. पण पाणी वाढल्यामुळे झाड वाळतं, असं कुणाच्या मनात कशाला येईल?

पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरतं. किनाऱ्याला त्याच्या खाली समुद्राचं खारं पाणी असतं. खारं पाणी जड, म्हणून गोडं त्याच्यावर तरंगत राहतं, दुधावर साय असते तसं. साय अलगद काढली तर पुन्हा धरते. भांड्यात डाव खोल घातला की दूधच वर येतं.

आदल्या संध्याकाळी मी काकांना पंप बंद ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे पाणी ढवळलेलं नसेल. सकाळी कंडक्टिव्हिटी मीटर सोडलं. पाण्यात मीठ जास्त असेल तर वीज सहज वाहते, तेवढंच ते मोजतं. वर आकडा चांगला होता. खाली जाताना बराच वेळ फारसा हलला नाही. मग एकदम चढला. वायर वर घेतली, परत सोडली. तिथेच चढला.

मी आत वाकून पाहिलं. दगडी बांधकाम जिथे संपत होतं, तिथे नितळ पाण्याखाली जुन्या तळाची कड दिसत होती. तिच्याखाली सुरुंगाने फोडलेला खडक. पाणी बदलत होतं ते त्या कडेच्या थोडं वर; पंपाने खारं पाणी तिथवर ओढून आणलं होतं.

ही विहीर काकांच्या पणजोबांच्याही आधीची. रुंद आणि उथळ. खोदणाऱ्यांकडे मीटर नव्हतं. खोदताना ते पाणी चाखत गेले असावेत, असा माझा अंदाज आहे. खाली अजून पाणी आहे हे कळत असूनही ते थांबले. वर रहाट बसवला. रहाटाची मडकी पाण्यात जेमतेम बुडतात आणि वरचंच पाणी उचलतात. आता काकांचा पंप नव्या तळाशी बसलेला होता.

मी सरांना फोन करून सगळं सांगितलं.

"तुला पॉइंट काढायला पाठवलं होतं," सर म्हणाले.

"हो सर."

"आणि तू बोअर कॅन्सल करतेयस."

मी वही उघडली. त्यांनी आकडे विचारले. मी वाचून दाखवले. दोन आकडे त्यांनी पुन्हा विचारले.

"बरोबर आहे. गाडी मी थांबवतो. पण क्लायंटला तू सांगायचंस. आकडे तू काढलेस."

मला लोकांसमोर बोलायला जमत नाही. शाळेत सगळं इंग्रजीत शिकले, त्यामुळे घाई झाली की मराठी शब्दही पळून जातात. म्हणून मी बाटली घेतली. तिला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी बांधली. बाटली खाली गेली की दोरी ओढायची, बूच निघतं आणि त्याच खोलीचं पाणी आत भरतं. एकदा वरचं पाणी काढलं, एकदा तळाचं. दोन पेल्यांत ओतून काका-काकींसमोर ठेवलं.

काकींनी पहिला पेला प्यायला. दुसऱ्याचा घोट घेतला आणि अंगणात थुंकला.

"हे कुठलं आणलंस? खाडीचं?"

"तुमच्याच विहिरीतलं. खालचं."

काकांनी दोन्ही चाखले. मग दुसरा पेला पुन्हा उचलला आणि पूर्ण रिकामा केला.

"म्हणजे मी झाडांना हे पाजलं," ते म्हणाले.

त्यांनी काकींकडे वळून त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी विचारलं. मला अर्धंच समजलं. काकींचं उत्तर मात्र समजलं.

"पेढे खाताना मी पन होते. आता काय करायचं ते पोरीला विचारा."

मी सांगितलं. बोअर सरळ खाऱ्यात जाईल, तो नको. फोडलेला भाग चिकणमाती आणि दगडांनी भरायचा. पंप लहान घ्यायचा, थांबून थांबून चालवायचा, आणि पाइपचं तोंड रिकाम्या पिंपाला बांधून तरंगतं ठेवायचं, म्हणजे रहाटासारखं वरचंच पाणी येईल. शेजारचं बावखल, म्हणजे पावसाचं पाणी साठवून जिरवणारं जुनं तळं, गाळाने बुजलं होतं. ते उपसायचं.

"विहीर बुजवू?" काका म्हणाले. "आळीत काय सांगू?"

"बुजवायची नाही. होती तेवढी करायची."

खोल केलेली विहीर सगळ्यांसमोर परत उथळ करणं सोपं नसतं. काकांनी ते पावसाच्या आधी केलं. बघायला आलेल्यांना त्यांनी स्वतःच कारण सांगितलं, पेले पुढे करून. बावखलाच्या गाळात ते मुलाबरोबर गुडघाभर उतरले होते.

पाऊस झाल्यावर मी पुन्हा वायर सोडली. आकडा तळापर्यंत कमीच राहिला. चाफ्याला नवी पालवी होती आणि पानांच्या कडा हिरव्या होत्या. मुलाने वाडी द्यायचा विषय परत काढला नाही, असं काकींनी चहा देताना सांगितलं.

काकांनी शेजारच्या दोन वाड्यांना माझा नंबर दिला. दोन्हीकडे मी मोजून बोअर नको म्हणून सांगितलं. सर म्हणाले, आता तुला डोंगराकडेच पाठवतो, तिथे तरी बोअर होतील.

ते पाठवतील तिथे जाईन. पण जुनी विहीर दिसली की मी आधी तिचा तळ बघते. खोदणारे कुठे थांबले होते, ते कळलं की माझं अर्धं काम होतं.