एका दोरीतल्या दोन फायली

जामखेडच्या दवाखान्यात शुगर दाखवायला गेलो होतो. शेजारी बांगड्या विकणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर दोन जाड फायली, बांगड्यांच्या दोरीने एकत्र बांधलेल्या. बोलता बोलता त्या सारख्या गाठ चाचपत.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"ही साखरंची, ही काळजाची. नवी गोळी लिवायच्या आधी डाक्टरला दोनी दावते. साखरंची गोळी काळजाला बी मानवाया पायजे ना?"

मी ऐटीत म्हणालो, "माझ्याही दोन आहेत. हृदयाची मात्र नगरच्या डॉक्टरांची, ती घरी कपाटात असते."

भलत्याच मापाची बांगडी मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आंग तर एकच हाय ना, भाऊ?"

मी निवृत्त मुख्याध्यापक; घरी गेल्यावर आधी कपाट उघडलं.

पुढच्या खेपेला दोन्ही फायली नेल्या. अँजिओप्लास्टीचा कागद पाहून डॉक्टर चमकले. "हे आजवर बोलला नाहीत?" म्हणत त्यांनी जुनी गोळी बंद केली आणि हृदयालाही जपणारी दुसरी लिहून दिली.

बाहेर येऊन बाईंना शोधलं. त्या नव्हत्या. मेडिकलवाल्याकडून दोरी मागून घेतली आणि मागच्या खेपेला बाई बसल्या होत्या त्याच बाकावर बसून फायली बांधू लागलो.

शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "दोन कशाला?"