दहा मिनिटं कमी

ज्यांचं ऋण माझ्यावर सगळ्यांत जास्त आहे, त्या म्हणजे आमच्या गावच्या शाळेतल्या बाई. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आज मी लालबागच्या एका शाळेत शिकवतो, ते त्यांच्यामुळे. घड्याळही त्यांनीच शिकवलं. मी ओढ्यापलीकडच्या वाडीतून चालत यायचो, पण शाळेत एकदाही उशीर झाल्याचं मला आठवत नाही.

यंदा दुसरीच्या वर्गाला मी घड्याळ शिकवत होतो. मिठाईच्या खोक्याचं झाकण, टाचणी आणि पुठ्ठ्याचे दोन काटे. पाच-सहा दिवसांत बहुतेक मुलं सव्वा, साडे, पावणे नीट सांगू लागली. एक मुलगी मात्र साडेतीनला तीन वीस म्हणायची. चारला तीन पन्नास. प्रत्येक वेळी दहा मिनिटं कमी.

"दोन वाजलेले दाखव," म्हटलं, तर तिने दोन दहा दाखवले. वाचताना कमी, दाखवताना जास्त. गोंधळलेलं मूल इतकं बेतून चुकत नाही. मला संशय आला, की ही माझी थट्टा करते. तिचा बाक बदलला. खिडकीतून कुणी खुणा करतंय का, तेही पाहिलं. ती ओठ हलवत काहीतरी पुटपुटायची आणि मग ठामपणे चुकीचं उत्तर द्यायची. कुणीतरी हिला शिकवून पाठवतंय, असं मला वाटू लागलं. तिच्या चाळीतल्या शिकवणीवाल्या ताईंवरही मी मनातल्या मनात आळ घेतला.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "दिवाळीनंतर तिला कच्च्या गटात बसवा." आमच्याकडे कच्चा गट व्हरांड्यात बसतो. तिथे गेलेलं मूल परत वर्गात आलेलं मी अजून पाहिलेलं नाही. नाव द्यायचं की नाही, हे माझ्यावर होतं.

दसरा झाला आणि तिची चूक दहा मिनिटांवरून पंधरावर गेली. आता मात्र राहवेना. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेलो.

परळच्या चाळीतली खोली. वडील हॉस्पिटलात वॉर्डबॉय. ड्युटीवर निघायच्या बेतात होते. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले होते.

"अहो, सहा वाजले! निघा," तिची आई म्हणाली.

"दहा मिनिटं पुढे आहे गं ते. सरांसाठी चहा टाक, मलापण अर्धा कप."

मी हळूच खिशातला मोबाइल पाहिला. पावणेसहा.

चहा पिऊन, चार्जिंगला लावलेला फोन खिशात टाकून ते गेले. जिन्यावरचा आवाज थांबेपर्यंत आई थांबली. मग हळूच म्हणाली, "दहाचं पंधरा मीच केलंय सर. ह्यांना सांगू नका हां. दहा मिनिटं पुढे ठेवलं तर हे दहा वजा करून आरामात बसायला लागले. मग काय करणार?"

"फोनमध्ये कळत नाही त्यांना?"

"फोन हातात आला की रील बघत बसतात. म्हणून घरात असले की चार्जिंगला लावते."

मी मुलीकडे वळलो. "तुला कसं कळलं, पंधरा केलं ते?"

"मी स्टूल धरलेलं."

"आणि पप्पांना सांगितलं नाहीस?"

तिने आईकडे पाहिलं आणि हसू दाबलं.

"मग शाळेतल्या घड्याळातून का वजा करतेस?"

"सगळीच घड्याळं पुढे असतात ना!"

"शाळेचं बरोबर आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं गेले काही दिवस मी तिच्याकडे पाहत होतो. "कोणी सांगितलं?"

आमचं घड्याळ शाळेतल्या मावशी लावतात. कशावरून लावतात, ते मी कधी विचारलेलं नाही. मी मोबाइल काढून तिच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी वर्गात तिने तो पुन्हा मागितला, भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिला आणि मगच वजाबाकी सोडली. कच्च्या गटासाठी मी तिचं नाव दिलं नाही. त्याच संध्याकाळी बाईंना पत्र लिहिलं.

"आदरणीय बाईंना सा. न.

उत्तर चुकलं की तुम्ही आधी 'हे कसं काढलंस?' असं विचारायचात. मी इथे ते विचारायला फार उशीर केला. एक मुलगी त्यामुळे व्हरांड्यात जाता जाता राहिली.

आता माझा कुठल्याच घड्याळावर विश्वास उरलेला नाही, म्हणून तुम्हालाही विचारतो. ओढ्याला पाणी असलं की मला लांबच्या साकवावरून यावं लागायचं. तरी मी पोचायचो तेव्हा घंटा व्हायचीच असायची, आणि तुम्ही स्टुलावरून उतरत असायचात. घड्याळावरची धूळ पुसतेय, म्हणायचात.

बाई, खरं सांगा. तुम्ही काटा मागे करत होतात ना?

आपला विद्यार्थी"