आमच्या भाटव्यांची एका दमातली कॅसेट

आमच्या भाटव्यांनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, उभ्या आयुष्यात कुठलीही गोष्ट दोनदा सारखी केली नाही, आणि या बाबतीत भंडारा जिल्ह्यात त्यांना तोड नव्हती. शहापूरला त्यांचं लुगड्यांचं दुकान होतं. रोज सकाळी ते सगळा माल नव्याने लावत, त्यामुळे काल पाहून ठेवलेलं लुगडं आज कुणालाच सापडत नसे. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणत, "कालचं काल गेलं, बाई. आज आजचं पाहा." दिघोरीला शेतावर जायचं तर दर खेपेला नवी वाट. एकदा त्या नव्या वाटेने ते भलत्याच्याच बांधीत पोचले आणि तिथे धान रोवणाऱ्या बायांना मनसोक्त सूचना देऊन आले. बहीण म्हणे, "लग्नात यायनं फेरे तरी सरळ घेतले, हेच माझं नशीब."

हिवाळ्यात आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम. भाटवे ऑर्गनवर, मी तबल्यावर आणि करडी गावचा एक क्लॅरिनेटवाला, असे आम्ही तिघे साथीला. पद आवडलं की लोक 'वन्स मोअर' म्हणतात, आणि मग तेच पद पुन्हा जसंच्या तसं व्हायला हवं. भाटव्यांचे हात मात्र दुसऱ्यांदा भलतीकडेच जात. एका राजाने तर मुकुट सावरत भर रंगमंचावर विचारलं होतं, "मास्तर, मी कोणतं पद म्हणून राहिलो?"

ऐंशी सालच्या आसपास नागपूरच्या जुन्या बाजारात त्यांना एक विलायती रेकॉर्ड मिळाली. पियानो, बास आणि ड्रम. जॅझ वाजवणारे तिघे. "हे आधी काहीच ठरवत नाईत, बापू," ते मला म्हणाले. "एक जण बोलते, बाकीचे दोघं आयकून जवाब देतेत. आपल्या झाडीतलेच असन." त्या दिवसापासून एकच ध्यास: आपल्या तिघांचीही अशी एक कॅसेट निघाली पाहिजे. तालीम म्हटलं की चिडत. "तालमीतच बोलून टाकलं, तं तिथं काय बोलाचं?" मला हे तत्त्व फारच पटलं, कारण तालमीचा मला मुळातच कंटाळा.

अखेर ओळखीने नागपूरचा एक स्टुडिओ दुपारपुरता मिळाला. काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने बजावलं, लाल दिवा लागला की श्वाससुद्धा जपून घ्या. दिवा लागला. भाटव्यांनी असा काही सूर काढला की क्लॅरिनेटवाल्याने आधी डोळे मिटले आणि मग वाजवलं. सवाल-जवाब चढत गेले, आणि मी तबलजी आहे हे विसरून प्रेक्षक झालो. तबल्यावरचे हात उचलले आणि दणक्यात ओरडलो, "वन्स मोअर."

रेकॉर्डिस्टने कपाळावर हात मारला. क्लॅरिनेट थांबली. भाटवे माझ्याकडे वळले. माणसाने इतकी वर्षं मनात जपलेली कॅसेट मी एका आरोळीत बुडवली होती. तबल्यामागे लपावंसं वाटलं, पण माझा देह डग्ग्यामागेही मावणारा नाही. तेवढ्यात भाटव्यांनी माझ्या ओरडण्याचा सूर ऑर्गनवर पकडला. तोच बेसूर सूर, एकदा दाबून पाहिला, जरा वळवला, क्लॅरिनेटकडे सोपवला, आणि त्याच्यावरच पुढचं सगळं उभं केलं. मी घाबरत घाबरत ठेका धरला.

संपल्यावर रेकॉर्डिस्ट म्हणाला, "ते ओरडणं कापतो. नाहीतर पुन्हा वाजवा."

"पुन्हा कायचं? ते तं होऊन गेलं," भाटवे म्हणाले. "आन हा वाजवूनच राहिला होता, फक्त तोंडानं. कापता कायले?"

कॅसेट निघाली. भाटव्यांनी ती लुगड्यांसोबत भेट म्हणून वाटली, आणि बहुतेकांनी तिच्यावर भजनं भरून घेतली. माझी तेवढी राहिली.

भाटवे आता नाहीत. कधीतरी मी ती लावतो. माझं ओरडणं येतं, आणि त्याच्यामागे थोडी शांतता. त्या शांततेत ते माझ्याकडे पाहून हसले होते. हसण्याला आवाज नव्हता, त्यामुळे ते टेपवर आलेलं नाही. मी मात्र तिथे आवाज थोडा वाढवतो.