चादरीचं दुसरं टोक

पिरनवाडीजवळच्या दर्ग्यात शिरताना माझा हात सवयीनं घंटेकडे गेला. दर्ग्यात कुठली घंटा? वर गेलेला हात मी डोकं खाजवून खाली आणला, पण खांबाला टेकलेल्या एका गृहस्थांनी तो पाहिला आणि मला ताब्यात घेतलं.

दुसऱ्या दिवशी बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. ती घाबरली होती. नवसाची चादर दोघांनी मिळून चढवायची, एवढंच तिनं मागितलं होतं, म्हणून आम्ही दोघं आलो होतो.

"सूफींनी धर्म दरबारातून उठवून गोरगरिबांच्या पंक्तीत बसवला," गृहस्थ म्हणाले. "त्यांची फना म्हणजे मीपणा पुसून टाकणं. या भागात हे सगळ्यांत आधी मी सांगितलं."

'मी' म्हणताना ते छातीवर बोट टेकवत आणि मोबाइलच्या काचेत बघून जरीची टोपी सारखी करत. त्यांचा मीपणा पुसला जाण्याऐवजी घासून घासून लख्ख झाला होता. मीही मागं हटलो नाही. आपलंही वाचन दांडगं आहे, हे त्यांना कळायला नको? मधे बायकोनं हाक मारली. मी हातानंच तिला थांबवलं आणि अहंकारावरचं माझं मत पुरं केलं.

बाहेर आलो तेव्हा ती पायरीवर बसून चपला घालत होती.

"चादर?" मी विचारलं.

"चढवली की. दुसरं टोक फुलवालीनं धरलं," ती म्हणाली. "उद्या दवाखान्यात तुमी येणार न्हवं, का तिलाच सांगू?"